डाव्या वळशाची माशी

कामिसावा,
१८ जानेवारी १९८१

ती. फुमिएताईस,
तोकुजीचा सा. न. वि. वि. मान आखडल्यामुळे नमस्कार अर्धाच वाकून केला आहे, तो पुरा मानून घे.

यंदाच्या हिवाळ्यात माझ्या हातांनी केलेलं सांगतो. शिवणाच्या सुया तापवून, वाकवून केलेले गळ. घोड्याच्या शेपटीचे केस वळून केलेल्या दोऱ्या, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या. बांबूची एक काठी, जी मला अजून पसंत नाही. आणि ओढ्यातल्या ट्राउट माशांना फसवायला गळावर बांधलेल्या नकली माश्या: अंगाला नेच्याच्या कोंबावरची लव, गळ्याशी कोंबड्याच्या मानेचं पीस, वर रेशमी दोरा. शिकवणारं कोणी नव्हतं, हे तुला ठाऊकच आहे. बाबा गेले तेव्हा मी जेमतेम चालायला लागलो होतो. त्यांच्या गवती टोपीत दोन माश्या अडकून राहिल्या होत्या. एक मी वेढा वेढा उसवली, दुसरी समोर ठेवून बांधत गेलो.

तेव्हाच लक्षात आलं, की सगळी दरी दोरा ज्या बाजूने गुंडाळते त्याच्या बरोबर उलट, डाव्या बाजूने, बाबा गुंडाळत. तो वळसा माझ्या हातात बसायला वर्षं गेली. मनगट वाकडं आणि मान कलती धरावी लागते. पण पाण्यात ते पीस असं उघडतं-मिटतं, की शपथेवर सांगतो, मासा फसतो तो त्या वळशालाच.

आता बातमी. ओसाकाहून मासेमारीचं सामान विकणाऱ्या एका कंपनीचे कुवाबाता म्हणून गृहस्थ आले होते. सराईत उतरले, भाजलेले मासे काट्यांसकट खाल्ले आणि म्हणाले, की ही माशी पाकिटात घालून देशभर विकू. पाकिटावर नाव ‘यासाबुरोंचा डावा वळसा’, खाली बाबांचा फोटो. ताई, ज्या माणसाचं नाव या दरीबाहेर कोणी घेतलं नाही, ते होक्काइडोपर्यंत जाईल! वारस म्हणून कागदावर सहीच्या जागी तुझ्याही नावाचा शिक्का लागतो. कागद सोबत आहे. फोटोही तुझ्याकडेच आहे, तो मिशीवाला. आढेवेढे घेऊ नकोस.

भावजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे, आणि उत्तर लिहिताना अक्षर जरा मोठं काढ.

तुझा,
तोकुजी

नागोया,
२९ जानेवारी

चि. तोकुजीस अनेक आशीर्वाद, आणि मानेसाठी मलमाच्या पट्ट्या.

तू पाठवलेले वाळवलेले मासे पोचले. ह्यांनी एक भाजून गरम साकेत बुडवला, ती साके प्यायले आणि सासुरवाडीची स्तुती केली. यावरून किती चढली होती ते ओळख.

शिक्का उमटवून कागद परत पाठवत आहे, सोबत फोटोही. बाबांचं नाव होत असेल तर मी कोण आडवी येणार? पण तुझी मान दुखते हे वाचून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रागावू नकोस.

डावा वळसा बाबांचा नव्हे रे. माझा.

मी डावखुरी होते. आजीला ते डोळ्यांत खुपायचं. अशी मुलगी कोण पत्करणार म्हणून दिवसभर ती माझा डावा हात कमरपट्ट्यात करकचून बांधून टाकी. बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात लाकडं ओढताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं बर्फाने बधिर झाली, ती झालीच. सराईला मासे तर द्यायचेच होते. आजी शेजारी गप्पा मारायला गेली, की बाबा माझा हात सोडवत, चुलीपाशी बसवत आणि गळ पुढे करत. मी भिऊन उजवा हात पुढे केला, तर म्हणत, की आपला घरचा हात आण, हा पाहुणा कशाला. लव माझ्या नाकात जाई, मी शिंके, आणि बाबा ओरडत, की धरा, माशी उडाली! अख्ख्या बालपणात त्या हाताला मिळालेली सुटी ती तेवढीच.

टोपीतल्या दोन्ही माश्या माझ्या हातच्या. बाबा स्वतः बांधत तेव्हा वळसा चारचौघांसारखाच असे. मी डावखुरी आहे हे सासूबाईंना कधी कळू दिलं नाही, ह्यांनाही नाही. आणि तू तर दर पत्रात ‘बाबांचा हात, बाबांचा हात’ लिहायचास. मोडवेना तुझा तो आनंद. पण तू उजव्या हाताचा माणूस, आता सुखाने सरळ बांध.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ताई

कामिसावा,
२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
या खेपेस पुरा वाकून सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर बरेच दिवस गळाला हात लावला नाही. ज्या हाताची नक्कल करण्यात माझे केस पिकले, तो एका शाळकरी मुलीचा! मग डबीतली ती जुनी माशी भिंगाखाली धरली. तिची शेवटची गाठ इतकी नाजूक, की कुऱ्हाड धरणाऱ्या बोटांना ती जमली कशी याचं मला नेहमी नवल वाटायचं. जमली नव्हतीच.

सरळ वळसाही देऊन पाहिला. पहिल्याच खेपेला सुबक उतरली, मान दुखली नाही, आणि मला मुळीच आवडली नाही. मासा कशाला फसतो ते आता शपथेवर सांगत नाही. पण बांधणार मी डावीच.

कुवाबातांचा मुक्काम ताकायामाला होता, तिथे जाऊन त्यांना भेटलो. म्हटलं, नाव बदला, ‘फुमिएचा डावा वळसा’ छापा. ते हसले. मी हसत नाही असं पाहून समजुतीने म्हणाले, की बाईच्या नावाची माशी कोणी टोपीत खोचणार नाही, मिशीवाले बाबाच बरे, आणि ताईंनी शिक्का दिलाच आहे तर तुम्हाला कसला संकोच. मी सांगितलं, की नकली वस्तू माशाला दाखवायची असते, गिऱ्हाइकाला नाही. दाखवायला नेलेला शिक्क्याचा कागद त्यांच्या हातून परत घेतला आणि फाडला. बाबांचं नाव होक्काइडोला जाणार नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

बर्फ वितळलं की ये. नेच्याची लव खुडायला माणूस हवंच आहे, आणि इथे आता तुझा हात बांधणारं कोणी नाही. भावजींना काय सांगायचं ते तू ठरव. लोभाचं मी काय लिहू, तो तुझ्याच हातचा आहे.

तुझा उजव्या हाताचा भाऊ,
तोकुजी

ता. क. रक्कम किती होती ते विचारशीलच. मी बसमध्ये चढत होतो तेव्हा कुवाबाता धावत आले आणि खिडकीतून त्यांनी शेवटचं सांगितलं. मी नको म्हटलं ते याला: पाकिटावर बाबांचं नाव, तुझ्याबद्दल मी जन्मभर गप्प, आणि चाळीस लाख येन.