मोहाच्या बुडाशी खणलेला चर

बाबा, आपला मोह परवा पाडला. पाडायला मीच सांगितलं, आणि खरं कारण गावात फक्त दोघांना ठाऊक आहे. तिसरे तुम्ही, तुम्हालाही ते कळायला हवं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की फोटोतला तुमचा चेहरा आता मला माझ्याच वयाचा दिसतो. तरी तुम्हाला काही वाईट सांगायचं म्हटलं की अजून शब्द जुळवत बसते.

चर खणला तो दिवस तुम्ही विसरला नसाल. गावाच्या चराईच्या जागेवर मिश्र रोपवन लावायचं ठरलं होतं. नुसता साग नाही, सागासोबत बांबू, आवळा, शिवण. ढोरं आत शिरू नयेत म्हणून भोवती कंबरभर खोल चर खणायचा होता आणि मजुरांचे मुकादम तुम्ही होता. वनखात्याच्या साहेबांनी ठोकलेल्या खुंट्यांप्रमाणे मोहाची तिन्ही जुनी झाडं चराच्या आत जात होती, म्हणजे फुलं वेचायची तर बायांनी दर वेळी चौकीदाराची मनधरणी करायची. शेजारची काकू डोक्यावरची टोपली न उतरवताच तुमच्यासमोर येऊन उभी राहते. म्हणते, "भाऊ, हे झाडं आत गेले तं आमी काय वेचावं? तुमीच सांगा ना साहेबाले." तुम्ही जाऊन सांगता. साहेब कुरकुरत ऐकतात, पण जागा हातभरही जास्त सोडणार नाही म्हणतात. मग खुंट्या सरकतात, चर मोहांच्या अगदी बुडाला खेटून जातो आणि झाडं बाहेर, गावाच्या बाजूला राहतात. त्या संध्याकाळी काकूनं वाळल्या मोहफुलांची परडी आणून आपल्या चुलीपाशी ठेवली. तुम्ही चक्क लाजलात. आई ते अजून हसून सांगते.

मी त्या दिवशी शाळा बुडवून चराच्या काठावर बसले होते. मांडीएवढाली मुळं कुऱ्हाडीनं तुटत होती. मी विचारलं, "बाबा, एवढे मुळं तोडले तं झाड मरन ना?" तुम्ही सगळ्यांदेखत खेकसलात, "सागाचा स्टंप कसा करते पायलं नाई का तू? समदे मुळं तासून नुसती काडी लावतो, तरी आभाळाले लागते. जाय, शाळेत जाय." मी रडत गेले. पण तुमचं तरी काय चुकलं? आलापल्लीकडच्या नर्सरीत तुमचं निम्मं आयुष्य त्यातच गेलं होतं. सागाचं वर्षाचं रोप उपटायचं, शेंडा बोटभर ठेवून छाटायचा, बाजूची मुळं चाकूनं साफ तासायची आणि उरलेली काडी सबलीनं पाडलेल्या भोकात खोचायची. तुमच्या हाताखालून गेलेला प्रत्येक साग मुळं कापूनच जगला होता. मोहालाही ते सोसेल असं तुम्ही धरून चाललात. वर्षाच्या पोराला सोसतं ते म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही, एवढंच.

तुम्ही गेलात आणि मोह वाळायला लागले. रोपवनाकडच्या फांद्या आधी वाळल्या. गावानं सरळ अर्थ काढला की त्या बाजूची नवी झाडं मोहाच्या तोंडचं पाणी पितात. एक मोह उभ्यानंच गेला. मग गेल्या चैतात सकाळीच वावधन, वादळी वारं सुटलं आणि काकू फुलं वेचत असताना दुसरा मोह तिच्या अंगावर पडला. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात आणेपर्यंतही ती राहिली नाही. मी ब्रह्मपुरीतच कॉलेजात शिकवते. मिश्र रोपवनात कोणाची मुळं कुठवर जातात, हाच माझा अभ्यास. तेराव्याला काकूचा मुलगा मला म्हणाला, "त्या रोपवनानंच माया मायले खाल्लं. ग्रामसभेत ठराव मांडतो, समदं तोडाले लावतो. तू मुळायचंच शिकली ना? मंग खोदून दाखव लोकायले."

आम्ही दोघांनीच खोदलं. खरं सांगते, रोपवनच दोषी निघावं असं मला मनापासून वाटत होतं. वरच्या वीतभर मातीत बांबूच्या मुळांची दाट जाळी होती. त्याखालून साग गेला होता, आवळा त्याहून खाली. एरवी मी विद्यार्थ्यांना बोलावून हौसेनं दाखवलं असतं की बघा, एका घरात कशी तीन बिऱ्हाडं नांदतात. पण त्यातलं एकही मूळ मोहापर्यंत पोचलं नव्हतं. बुजत आलेल्या जुन्या चराच्या काठाशी येऊन सगळी खाली वळली होती. आणि चराच्या दुसऱ्या अंगाला मोहाची जाड मुळं एका रेषेत संपली होती. स्टंप तासायचा तुमचा चाकू मी खोदकामाला नेतेच. त्यानंच एक टोक खरवडलं. कुऱ्हाडीचा सपाट घाव स्पष्ट दिसला. त्या बाजूनं झाडाला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. वारं तिकडून आलं आणि झाड गावाकडे कोसळलं.

तो म्हणाला, "हे कायचं हाय वं?" मी सांगितलं, चर खणताना तुटलं. तो खड्ड्यातच बसला. कपाळाचा घाम पुसायचंही त्याला सुचलं नाही. मग म्हणाला, "मायनंच तं इनवलं होतं भाऊले." आणि उठता उठता, "आता मी कोनाशी भांडू?" मी खड्ड्यात माती परत लोटायला लागले. ठराव त्यानं मांडला नाही. रोपवन उभं आहे. लोक त्याला भित्रा म्हणतात आणि तो ऐकून घेतो.

उरला तिसरा, आपला मोह. आई या वयातही दिवस उगवताना टोपली घेऊन त्याखाली जायची. घाव त्यालाही तसाच होता, मी खोदून पाहिला. तो पाडल्याशिवाय इलाज नव्हता आणि खरं सांगायची माझी छाती झाली नाही. झाड आतून पोकळ झालंय, वाळवी लागलीय, असं मी तिला सांगितलं. काकूच्या मुलानं आरी आणली. आई खोडावर हात ठेवून उभी राहिली आणि त्यालाच म्हणाली, "हिच्या बापानं सरकवला चर, म्हनून एवढे दिवस तरी राह्यले हे झाडं. नाई का रे?" त्यानं मान खाली घातली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

हे पत्र तुमच्या फोटोमागच्या फळीवर ठेवते आहे. आई तिथं रोज हात फिरवते, धूळ पुसते. तिला वाचता येत नाही याची मला जन्मभर खंत होती, बाबा. आज पहिल्यांदा बरं वाटलं.