कपाटामागची भिंत

आई, आपली पार्ल्याची बिल्डिंग पाडायला घेतली आहे. काल तिथून जाताना थांबले. आपल्या मजल्याची समोरची भिंत गेली होती आणि मधली खोली रस्त्यावरून सरळ दिसत होती, रंगासकट. तू असतीस तर पदर खोचून आत शिरली असतीस, इतकी वर्षं जे बघायचं राहिलं ते बघायला. मी बाहेरच उभी राहिले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, पुढे जाऊ नका." घरी आले आणि तुला लिहायला बसले.

तुला त्या घराचा संशय पहिल्या दिवसापासून होता. खरं तर घराचा नव्हे, माणसांचा. वाकोल्याची भाड्याची खोली सोडून स्वतःचं घर घ्यायचं ठरल्यापासून तू सगळ्यांकडे डोळे बारीक करून बघायला लागली होतीस. एजंट जास्त बोलतो म्हणून लबाड, तर विकणारे काका कमी बोलतात म्हणून आतल्या गाठीचे. ते दोघं नवरा-बायको बोरिवलीला मुलाजवळ राहायला जाणार होते. बाई गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या. त्यांनी आपल्याला पोहे केले, तर तू बाबांच्या कानात कुजबुजलीस, "घर दाखवायला पोहे कशाला लागतात?" मी तेव्हा मरोळच्या एका ऑफिसात नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते. मला तुझी लाज वाटत होती आणि पोहे फार छान होते.

बाबांनी त्यांच्या ओळखीच्या इंजिनियर काकांना तपासणीसाठी आणलं होतं. काका शांत स्वभावाचे. एक छोटी हातोडी, बॅटरी आणि ओळंबा घेऊन घरभर फिरले. भिंती हळूहळू वाजवत, कान लावून ऐकत. मोरीच्या कोपऱ्यात हात फिरवून बोटं हुंगली. खिडकीखालच्या चिरा नखाने खरवडल्या. स्टुलावर चढून मधल्या खोलीचं छतही पंख्याच्या चहूबाजूंनी वाजवलं. तू त्यांच्या मागेमागे. आणि मग त्या खोलीतल्या लोखंडी कपाटापाशी येऊन तू थांबलीस.

"हे जरा हलवून बघू या की."

बाई म्हणाल्या, "अहो, गच्च भरलंय ते. कपडे, भांडी, सगळं. चौघांना हलणार नाही."

"जाऊ दे गं," बाबा म्हणाले. त्यांना दुसऱ्याच्या घरात असं काही मागायचा फार संकोच.

तू इंजिनियर काकांकडे बघितलंस. ते म्हणाले, "वहिनी, मला जे दिसतं तेवढंच मी सांगू शकतो. भिंतीच्या पोटात काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि दुसऱ्याची भिंत कशी फोडणार? बाकी घर मला बरं वाटतं."

"बरं वाटतं म्हणजे बरं आहे का?" तू विचारलंस. काका हातोडी आणि ओळंबा गोळा करायला लागले.

घर घेतलं. आपलं सामान टेम्पोतून वर चढत होतं तरी तू आधी त्या भिंतीपाशी गेलीस. कपाट होतं तेवढ्या भागात जुना रंग तसाच होता, बाकी भिंतीपेक्षा गडद. ओल नाही, चीर नाही. तू तळहाताने ती भिंत चाचपत राहिलीस. मी म्हटलं, "झालं ना समाधान?" तू म्हणालीस, "मग हलवू का नाही दिलं?" पुढे कितीतरी दिवस येता-जाता त्या भिंतीला हात लावून बघायची सवय तुला लागली. छताकडे मात्र तू मान वर करून कधी बघितलं नाहीस. कुणीच नाही.

दुसऱ्या वर्षी आपण टीव्ही घेतला. बाबांना पडल्यापडल्या बघता यावा म्हणून तू त्यांची खाट पंख्याखालून काढून समोरच्या भिंतीला लावलीस. एका रविवारी सकाळी बाबा खाटेवर पेपर वाचतायत, मी केस विंचरतेय, तू स्वयंपाकघरात कणीक मळतेयस. आणि ट्रक आदळावा तसा आवाज. खोलीत पांढरी धूळच धूळ. मला आधी वाटलं, पंखा पडला. धूळ बसली तेव्हा दिसलं, पंखा लटकतोय आणि त्याच्या बाजूचा छताचा भलामोठा तुकडा खाली पडलाय, बरोबर खाटेच्या जुन्या जागी. लादी फुटली होती. वर लालभडक गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. बाबांच्या हातात पेपर तसाच, चष्मा पांढरा. "मी इथे आहे," ते म्हणाले, दुसऱ्या कुठल्या खोलीतून सांगावं तसे. तू पिठाच्या हातांनी त्यांचं डोकं, खांदे, पाठ चाचपलीस, आणि मग म्हणालीस, "मला ठाऊकच होतं."

शेजारणींना तू सांगितलंस, की मला आधीच शंका आली होती, म्हणून तर खाट हलवली. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

इंजिनियर काका त्याच दिवशी आले. बराच वेळ मान वर करून उभे होते. "बांधताना खाऱ्या पाण्यातली रेती वापरली असणार. सळई आतून गंजते, फुगते आणि खालचं सिमेंट ढकलत राहते. वरून काही दिसत नाही."

"पण तुम्ही वाजवलं होतं ना भाऊजी?"

"वाजवलं होतं. घट्ट वाजलं होतं. परत तोच दिवस आला तर मी परत हेच सांगेन, घर बरं आहे." बांधणारा बिल्डर कधीच धंदा गुंडाळून गेलेला. राग काढायला हाताशी माणसं उरली ती बोरिवलीचीच.

दुसऱ्या दिवशी तू मला रजा टाकायला लावून बोरिवलीला नेलंस. बाईंनी दार उघडलं, हसल्या, "या या" म्हणाल्या. तू उंबऱ्याबाहेरच उभी. "छप्पर पडायला आलं होतं म्हणून विकलंत ना घाईघाईने? माझा नवरा मेला असता काल!"

बाईंना आधी काही कळेना. मग कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, काय बोलताय तुम्ही? माझी मुलगी बाळंतपणाला त्याच घरात होती. त्याच पंख्याखाली झोपायची बाळाला घेऊन. माहीत असतं तर मी नातीला तिथे निजवलं असतं?"

"ते आता कोण बघायला येणार आहे," तू म्हणालीस. मी तुझा दंड धरून ओढत तुला जिन्यापर्यंत आणलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी बेल वाजली. बाई एकट्याच आल्या होत्या. "मला बघू द्या," एवढंच म्हणाल्या. खोलीत आल्या, वर बघितलं. छताला टेकू लावले होते, त्यांच्यामधून त्या लाल सळ्या दिसत होत्या. खाली फुटकी लादी. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा लादीकडे, आणि हाताने हवेत काहीतरी मोजल्यासारखं केलं. बाळाच्या गादीची जागा असेल. मग त्या टेकूला धरून खाली बसायला लागल्या. तूच धावलीस. तूच त्यांना धरून खाटेवर बसवलंस, पाणी दिलंस, पाठीवरून हात फिरवत राहिलीस. "असू दे, असू दे, काही झालं नाही ना," म्हणत होतीस. मला वाटलं, मिटलं.

निघताना चपला घालता घालता बाईंनी विचारलं, "आणि बाथरूम ठीक आहे ना?"

दार लागलं आणि तू जागच्या जागी उभी. "असं का विचारलं तिने?"

"अगं, सहज. काळजीने."

"स्वयंपाकघर नाही विचारलं. गॅलरी नाही विचारली. बाथरूमच का?"

छताच्या दुरुस्तीबरोबर बाथरूमची लादीही उखडली गेली. खाली सगळं खडखडीत कोरडं निघालं. गवंडी म्हणाला, "ताई, उगाच फोडलं." तू वाकून हात लावून बघितलंस आणि म्हणालीस, "आत्ता कोरडं आहे." बाबा खूप हसले. मी चिडले होते. आज माझ्याही घरात कुणी सहज काही विचारलं, की मी तो प्रश्न दोन-दोन दिवस उलटापालटा करून बघते. हे तुझ्याकडूनच आलंय, दुसऱ्या कुणाकडून येणार?

तू गेल्यावर काही वर्षांनी बाई मला भेटल्या, डोळ्यांच्या दवाखान्यात. खूप थकल्या होत्या. बरोबर एक उंच मुलगी होती, हात धरून चालवणारी. तीच ती नात. बाईंनी मला आवाजावरून ओळखलं. तू गेल्याचं मी त्यांना सांगितलं. मग नातीला औषधं आणायला पाठवून मला जवळ ओढून म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या आईंना माझं खरं वाटलं होतं का हो, शेवटी?"

मी म्हटलं, "हो तर. अगदी त्याच दिवशी. नेहमी म्हणायच्या तसं."

त्यांनी डोळे पुसले, नाहीतरी ते पाणावलेलेच होते. माझा हात नात परत येईपर्यंत सोडला नाही.

आई, तू असं कधीही म्हणाली नव्हतीस. तुला काय वाटत होतं ते मी तुला विचारलं नाही, आणि तू आपणहून सांगणारी नव्हतीस. हा कागद मी पोस्टात टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. बरंच आहे ते. तुला मिळाला असता तर तू चष्मा लावून शेवटपर्यंत वाचून मला विचारलं असतंस, "माझ्या नावाने परस्पर बोलायला तुला कुणी सांगितलं होतं गं?"