एमिलच्या डावीकडची जागा

मी, वेरोनिका स्टानेक, वय एकसष्ट, राहणार क्विन्सी स्ट्रीट, पोर्ट मॅरियन, ओहायो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. स्वादुपिंड तेवढं ठिकाणावर नाही. एप्रिलमधला ईस्टर मला दिसेल असं कोणी म्हणत नाही. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं, कारण ते नवरा माझ्याआधी जाईल असं धरून केलं होतं.

माझा नवरा एमिल स्टानेक. या गावात त्याची ओळख करून द्यावी लागत नाही, पण न्यायाधीश बाहेरगावचे असतील तर त्यांच्यासाठी लिहिते. १९७४ साली पोर्ट मॅरियन हॅमर्स या आमच्या व्यावसायिक फुटबॉल संघाने एक सामना सोडून सगळे जिंकले आणि अजिंक्यपद घरी आणलं. त्या संघात एमिल सेंटर होता, म्हणजे वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देणारा आणि दिल्या क्षणी समोरच्या धिप्पाड गड्याची धडक अंगावर घेणारा. पुढे पोलादाचा कारखाना बंद पडला, निम्मं गाव उठून गेलं, तरी तो हंगाम इथल्या प्रत्येक बारच्या भिंतीवर आहे. एमिलच्या डोक्यात तर आता तेवढाच उरला आहे. तो त्रेसष्ट वर्षांचा आहे. मुलीला ओळखत नाही. मला कधी ओळखतो, कधी संघाची नर्स समजतो.

कलम पहिले. माझं राहतं घर मी श्री. ल्युथर पेटवे यांना हयातभर राहण्यासाठी देते. अट एकच: त्यांनी एमिलबरोबर राहावं. दोघांच्या पश्चात घर माझी मुलगी मारिएन हिचं. एमिलचे पालक म्हणूनही पेटवे यांनाच नेमावं, अशी न्यायालयाला विनंती आहे. विनंती कसली, मी गयावया करते आहे.

मारिएनला हे पटलेलं नाही. ॲरिझोनाहून तिचा फोन आला.

"आई, ते आपले कोण लागतात? घर परक्याला देणार तू?"

"तो परका तुझ्या बापाला अंघोळ घालतो. तू येशील?"

"मला तीन मुलं आहेत गं."

"म्हणून तर."

ती रडली, मीही रडले. तिच्यावर माझा राग नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

पेटवेच का, तेही लिहिते. दोन वर्षांपासून संध्याकाळ झाली की एमिल थरथरायला लागतो. दारात, पलंगाशी, न्हाणीत, कुठेही थिजून उभा राहतो आणि म्हणतो, "डावीकडे कोणी नाही." मी डावीकडे उभी राहायचे, डावीकडे झोपायचे. तो मला ढकलून द्यायचा. जूनमध्ये त्यातच माझं मनगट मोडलं. घरी येणाऱ्या बायका काम सोडून गेल्या. शुश्रूषागृहांनी त्याला ठेवून घेतलं आणि परत पाठवलं. शेवटच्या ठिकाणी तर त्याला खुर्चीला बांधलेलं मी पाहिलं. मग माझा आजार निघाला. त्या रात्री माझ्या मनात काय काय आलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. आपण जाताना त्यालाही बरोबर न्यावं, इथवर मी गेले होते.

सप्टेंबरात संघाने त्या हंगामाचा पस्तिसावा वाढदिवस साजरा केला. जुने खेळाडू घरी आले, एमिलच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून गेले. पेटवे अलाबामाहून आले होते. ते समारंभाला न जाता काठी टेकत इकडेच आले. मैदानावर ते एमिलच्या डाव्या खांद्याला खांदा लावून खेळायचे. त्या वेळी एमिल न्हाणीत नळ घट्ट धरून उभा होता, कपड्यांत घाण झालेली, आणि मी बाहेर हात जोडून विनवत होते.

"मिस वेरा, तुम्ही जरा बाजूला व्हा," पेटवे म्हणाले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, कण्हत कण्हत गुडघे वाकवले आणि एमिलच्या डाव्या अंगाला, मैदानात डाव सुरू होण्याआधी बसायचे तसे, एक मूठ फरशीवर टेकवून बसले.

"स्टॅन, मी आलोय रे."

"डावीकडे कोणी नाही."

"डावीकडे मी आहे. माझा गडी मी अडवतो, तू तुझा बघ."

एमिलने मान वळवली. किती तरी वेळ बघत राहिला. मग नळ सोडला.

"उशीर केलास, ल्यु."

"बस चुकली, बाबा. चल, आधी तुला धुऊन काढू, वास मारतोय तुझा."

एमिल हसला. कोमट पाण्यात डोळे मिटून बसला. मी जिन्यात बसून नळाचा आवाज ऐकत राहिले.

नंतर स्वयंपाकघरात मी त्यांना विचारलं. लाज सोडून विचारलं.

"माझे गुडघे गेलेत, मिस वेरा. त्याला उचलणं मला जमायचं नाही."

"उचलायला माणूस ठेवू. तुम्ही फक्त त्याच्याजवळ राहा."

"माझी बायको गेल्यापासून मला कोणी राहा म्हटलेलं नाही," असं म्हणून ते उठले आणि फडताळ उघडून बघायला लागले. मग म्हणाले, "कॉफी कुठे ठेवता तुम्ही?"

कलम दुसरे. बँकेतली सगळी शिल्लक एमिलच्या देखभालीसाठी. ती पुरणार नाही, मला ठाऊक आहे. संघाच्या कचेरीकडे मी मदत मागितली होती. आजाराचा खेळाशी संबंध दिसत नाही, असं त्यांनी कळवलं. त्याच पाकिटात समारंभाचं आमंत्रण होतं.

कलम तिसरे. अजिंक्यपदाबद्दल संघाने दिलेली अंगठी एमिलच्या बोटातच राहावी. फार अडचण आली तर विकावी. ल्युथरनी माझ्या आत्म्याला विचारत बसू नये.

कलम चौथे. बर्फ काढायचं यंत्र शेजारणीला. ते दोरी दोनदा ओढल्याशिवाय चालू होत नाही, हे तिला सांगावं. माझी शिवणाची मशीन आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी मारिएनला.

कलम पाचवे. त्या हंगामातला उपांत्य सामना इथेच बर्फात झाला. समोरच्याचा गुडघा एमिलच्या कानशिलावर बसला. मी प्रेक्षकांत होते, मारिएन पोटात होती. एमिल उठला आणि दुसऱ्याच संघाच्या बाकाकडे चालायला लागला. पेटवेंनी दंड धरून त्याला परत आणलं. कोच गॅरिटींनी त्याच्या तोंडासमोर हात धरला.

"किती बोटं, स्टानेक?"

"तुम्ही म्हणाल तेवढी, कोच."

सगळा बाक हसला आणि त्याला पुन्हा मैदानात पाठवलं. तो सामना आपण जिंकलो, पुढचा अंतिमही. तेव्हापासून प्रत्येक मेजवानीत हा किस्सा सांगतात. एमिलने मागे दिलेला चेंडू घेणारा आमचा क्वार्टरबॅक रँडल ऑट्स तो सगळ्यांत रंगवून सांगतो. ऑट्सला माझ्या अंत्यविधीला यायला बंदी नाही, बोलायला बंदी आहे. गॅरिटी वारले, त्यांच्याशी काय ते मी तिकडे गेल्यावर बोलेन.

कलम सहावे, आणि हे शेवटचं. मी गेले हे एमिलला सांगावं. मारिएन म्हणते सांगू नका, डॉक्टरही तेच म्हणतात, की दर वेळी त्याला ते नव्यानेच कळेल. खरं आहे. म्हणून एकदाच सांगावं. ल्युथर, तुम्ही सांगा, सकाळी, त्याची न्याहारी झाल्यावर. तो रडला तर रडू द्या, गप्प करू नका. अडतीस वर्षं मी त्याची बायको आहे. त्याने एकदा माझ्यासाठी रडावं, एवढा माझा हक्क आहे. त्यानंतर तो विसरेल. मग कधीही विचारलं, वेरा कुठे आहे, तर सांगा, येतेच आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

वेरोनिका स्टानेक

साक्षीदार:
१. रोझ कुबिशिन, मैत्रीण
२. आर्थर लेडबेटर, वकिलांच्या कचेरीतील कारकून

स्थळ: पोर्ट मॅरियन, ओहायो
दिनांक: १९ नोव्हेंबर २००९