बोकडदाढीच्या उताराची निरवानिरव

मी, अच्युत वामन खांबेटे, वय चोपन्न, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात निम्मे आयुष्य काढलेला, मन ठिकाणावर आणि हृदय जरा जागचे हललेले असताना, पुढच्या आठवड्यातील शस्त्रक्रियेपूर्वी, हे स्वखुशीने लिहून ठेवतो. खुशी आज जास्तच आहे. कारण तिसऱ्या कलमात.

१. घर मेहुणी आर्डिथ हिला. गळके छप्परही तिचेच.

२. बँकेतली शिल्लक टेकडीवरच्या दफनभूमीस. संस्कृत पोथ्या ज्याला वाचता येतील त्यास; म्हणजे बहुधा वाळवीस.

३. घरामागचा सावलीतला उतार, बोकडदाढीच्या सर्व झाडांसह, आर्डिथलाच. ह्या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. नराचे तुरे पांढरेशुभ्र, पिसांसारखे भरघोस. मादीचे विरळ, झुकलेले. मेअखेर थडगी सजवण्याच्या रविवारी साऱ्या गावासारखीच आर्डिथही देखणे तुरे तेवढे कापून नेते. म्हणजे ऐन फुलोऱ्यात नर साफ! माद्यांना बी धरेना, आणि आम्ही दोष मातीला देत होतो. सांख्यांनी पुरुषाला निष्क्रिय ठरवले. त्यांनी हे झाड पाहिले नव्हते.

गेल्या वर्षी मी हात जोडून कापणी थांबवली. माझी पत्नी ओपल हिचे थडगे त्या रविवारी फुलांवाचून उघडे राहिले. आर्डिथने अबोला धरला. आणि आज सकाळी माद्यांखाली, शेवाळावर, रोपेच रोपे! मी ओरडलो. हृदय बंद पडले समजून आर्डिथ धावत आली.

“भाऊजी, गवत बघून कोणी बोंबलतं का?”

“गवत नव्हे गं, पोरं आहेत ही!”

ती गुडघ्यांवर बसून पाहत राहिली. मग म्हणाली, “गोड आहेत. पण ताई पुन्हा उघडी राहणार नाही, सांगून ठेवते. आणि तुम्ही तिकडेच आटपलात, तर तुमच्यासाठी दोन तुरे जास्त कापीन.”

४. फावडे आणि खुरपी शेजारच्या व्हर्लिनला. तो ती परत करणार नव्हताच. फुले कापायची कात्री माझ्या शवपेटीत ठेवावी.

(“दुकानात दुसरी मिळते,” आर्डिथ. ती खांद्यावरून वाचते आहे. वारसाला साक्षीदार होता येत नाही, हे तिला मान्य नाही.)

५. सबब, उतारावरचा एकही तुरा कापू नये. मी परतलो तर मी, नाहीतर आर्डिथने, ह्यांतली काही रोपे ओकच्या सावलीत ओपलच्या उशाशी लावावीत. माझी जागा शेजारीच आहे. फुलायला तीन-चार वर्षे लागतील. नर की मादी, तेही तेव्हाच कळेल. मला तर आत्ताच धीर धरवत नाही.

“तोवर ताईला काय सांगू?” आर्डिथने आत्ता विचारले, पहिल्यांदाच हळू आवाजात.

सांग, येताहेत.

सही: अ. वा. खांबेटे
टिल्मन कोव्ह, २२ एप्रिल २०१८

साक्षीदार:
हार्लन बकनर, पाद्री
जूडी प्रुइट, टपालवाहक