पाखऱ्याची वेळ

झरी,
रविवार, ९ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. सुमन हिस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. शाळेची तपासणी होती, असं कारण लिहिणार होतो. तपासणी झाली खरी, पण ती एका दिवसात उरकली. तेव्हा ते कारण नको. क्षमा कर.

इकडे सगळे खुशाल. ज्वारीचा दाणा चांगला भरलाय. तुझ्या वहिनीचा, कमलचा, गुडघा दुखतो, तरी ती पाणी आणायचं सोडत नाही. दादांची तब्येत उत्तम. पाखऱ्या बरा आहे.

हे शेवटचं वाक्य लिहून थांबलो होतो. खोडत नाही, पण ते खरं नाही.

तू पालमला नांदायला गेल्यापासून इथला शंकरपट बदललाय. आपल्या लहानपणी पंच नुसत्या डोळ्यांनी बघत, आणि दोन बैलजोड्या सारख्याच पळाल्या असं वाटलं तर गुलाल दोघांनाही. आता एकेक जोडी सुटते आणि शेवटच्या निशाणापाशी मी उभा असतो, शाळेच्या खेळांचं बटणाचं घड्याळ घेऊन. “डोळा मानूस बगून चुकतो मास्तर, घड्याळ न्हाई चुकत,” असं पट भरवणारे आबासाहेब म्हणाले. मला पटलं. न्याय होईल असं वाटलं. पण पापणी लवण्याइतक्या फरकाने हारजीत ठरू लागली, तशी माणसं तो फरक बैलाच्या अंगातून काढू लागली.

नळीने दूध पाजून वाढवलेला पाखऱ्या चार वर्षांपूर्वी, वासरू असताना, तू भाऊबीजेला आणलास आणि “ही उलटी ओवाळणी” म्हणून हसलीस. त्याला दादांनी यंदा पटाला जुंपलं, आणि तुला कळवायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं. पहिल्या पटात तो सुरेख पळाला, कुणी बोटही न लावता. गावाने दादांना खांद्यावर घेतलं. मी हैदराबादला शिकावं म्हणून ज्यांनी स्वतःची शाळा सोडली, त्यांच्या कपाळाला गुलाल लागलेला मी प्रथमच पाहिला.

मग मला धास्ती पडली. आता हा पटातून सुटत नाही. पौषातल्या पटात पाखऱ्या सगळ्यांत कमी वेळात आला होता, सुमन, आणि मी बटण उशिरा दाबलं. मुद्दाम. वाटलं, हरला की दादांचा नाद जाईल आणि बैल औताला परत येईल. घड्याळावर कुणी शंका घेतली नाही. माझ्यावर तर नाहीच.

जोडी हाकणारा आपला सुग्रीव म्हणाला, “दादा, बैल चोर झालाय. खायला म्होरं, पळायला मागं.”

“चोर न्हाई रं. सुमीनं लय लाडावलाय त्याला.”

“मंग काढतो की लाड!”

सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या पटात सुग्रीवच्या हाकायच्या काठीला, पराणीला, लांब खिळा होता. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्याने शेपूट दातांत धरलं. हाड मोडलं. आता पाखऱ्याला माशा हाकलता येत नाहीत. मांडीवरच्या जखमांवर त्या बसतात आणि तो नुसती कातडी थरथरवतो. मागून कुणी आलं की दाव्याला हिसका देतो.

त्या दिवशी तो जिंकला. मी बटण अगदी बरोबर दाबलं होतं.

“बगितलं का, बन्सी? गुण आला!” दादा म्हणाले.

शिवरात्रीला पेडगावला पुन्हा पट आहे. मी नको म्हणून पाहिलं. “तू फकस्त बटन दाब. जनावराचं आमाला शिकवू नको,” एवढंच उत्तर मिळालं. बोलले तेव्हा त्याच्यासाठी जवसाचा लाडू वळत होते. ते दुष्ट नाहीत, सुमन. म्हणूनच मला काही सुचत नाही. खरं सांगितलं, तर पाखऱ्या खिळ्याशिवायही जिंकतो हे कळेल आणि तो पटातून जन्मात सुटणार नाही. नाही सांगितलं, तर खिळा राहील. मी गप्प बसलोय तो त्याच्यासाठी, असं इतके दिवस स्वतःला समजावलं. आज नीट तपासलं. निम्मं तरी माझ्या नावासाठी होतं. निम्मं म्हणतानाही मी हात राखतोय.

तू शिवरात्रीच्या आधी ये. दिलंस तरी जनावर तुझं आहे. तू “नेते” म्हणालीस तर दादा दावं धरून ठेवणार नाहीत. पण नंतर तुझ्याशी बोलतील की नाही, सांगता येत नाही. माझं ओझं तुझं माहेर तोडून उतरवायचं, हे मला पटत नाही. तेव्हा तू येण्याआधी त्यांचा राग ज्याच्यावर निघायला हवा, त्याचं नाव त्यांना कळलेलं असावं.

तुझा भाऊ म्हणून सही करताना आज हात अडतो,
बन्सीधर

उद्या : दादा गोठ्यात वैरण टाकायला जातील तेव्हा मागोमाग जाऊन सांगणे.