यादीतलं एकतिसावं

३ जून
आज बाबांच्या घरी राहायला आले. जाण्याआधी त्यांनी घर माझ्या नावावर केलं, तरी ताईनं मनात काही ठेवलं नाही. उलट गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला उठबस नको म्हणून दिवे, पडदे, विजेची शेगडी, दाराचं कुलूप, सगळं फोनवर चालेल असं करून घेतलं. वायरमननं समजावलं, की निरोप जिन्याखालच्या डब्यातून निघतो, जवळच्या दिव्याला मिळतो, दिवा पुढच्या स्विचला सांगतो, असा कानोकान शेवटच्या खोलीत पोचतो. मी म्हटलं, आमच्या शाळेच्या स्टाफरूमसारखंच की. तो खूप हसला. एकूण तीस वस्तू. पडल्यापडल्या पडदे उघडमीट करत बसले.

८ जून
दुपारी शेगडी आपोआप लागली, शेजारचा टॉवेल जळला. ताईला फोन केला. ती मायेनं म्हणाली, तूच लावली असशील, हल्ली विसरतेस. मला भरून आलं. किती करते माझ्यासाठी.

११ जून
पुन्हा शेगडी. वायरमनला बोलावलं. फोनमधल्या यादीत एकतीस वस्तू निघाल्या. त्यानं तीसच बसवल्या होत्या. शोधत शोधत पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे सापडली, काडेपेटीएवढी. हा कान आहे, खोलीतलं सगळं बोलणं साठवतो, म्हणाला, आणि माझ्याकडे बघेना. नोंद ताईच्या नावावर. त्यातलं कार्ड त्यानं मला काढून दिलं.

१२ जून
ऐकलं. माझं रडणं. बाबांच्या फोटोशी बोलणं. मग परवाचं, मी व्यायामाला गेले होते तेव्हाचं. ताई माझ्याच पलंगावर बसून डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. तो कान तिचंही ऐकतो, हे ती विसरली. म्हणत होती, "शेगडी मी माझ्या फोनवरूनच लावते, तुम्ही फक्त ती एकटी राहू शकत नाही एवढं लिहून द्या. घराचं मग मी बघते."
लहानपणी माझी वेणी घालताना असायचा, तोच आवाज.

१३ जून, सकाळ
फोनमधून माझं नाव काढून टाकलंय. दार उघडत नाही. जिन्याखालच्या त्या डब्याच्या कपाटाला कुलूप —

वायरमन फोन उचलत नाही.

गाडी आली. ताई, डॉक्टर, दोन माणसं. ओरडायचं नाही. ओरडले तर तेच लिहून —

शेगडी बंद करते, परत लागते. बंद, परत —

कार्ड मुठीत आहे.

कुलूप उघडलं. मी नाही उघडलं. ताई हात पसरून येतेय, रडतेय, खरंखुरं. आणि मला अजूनही वाटतंय, तिच्या कुशीत जाऊन —