डीकनसाठी आठ बाय बारा

३ मे १९९८, रविवार

कासव आलं! म्हणजे मीच आणलं. नडीनच्या स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा टब, खाली जुनं वर्तमानपत्र, त्यावर डीकन. एकतीस वर्षं तो या टबात राहिला आणि माझ्या बहिणीला त्यात काही वावगं वाटलं नाही. गाडीत मागच्या सीटवर ठेवला तर मान-पाय आत घेऊन मिटला. आमच्या टेकड्यांतली ही कासवं डबीसारखी पूर्ण बंद होतात, सुरीचं पातंही शिरत नाही. मी अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली. इतका शांत प्रवासी कधी मिळाला नाही.

नडीनचं भाड्याचं घर आज रिकामं झालं. मार्चमध्ये पडली, खुबा मोडला. एप्रिलपासून गावातल्या सीडर ब्लफमध्ये आहे, म्हाताऱ्यांसाठी आहे ते. माझ्याकडे ती येऊ शकत नाही. माझ्या न्हाणीघराचं दार अरुंद आहे, चाकाची खुर्ची जात नाही. तिथल्या बाईंना मी तेव्हाच सांगून टाकलंय.

कासव येऊ शकतं. आलं.

नडीन एवढंच म्हणाली, "त्याला उपाशी ठेवू नकोस, आर्डी. हाताने भरवावं लागतं." हाताने! डीकन म्हणजे चर्चमधला साधा सेवक, हा तर बिशप लागून गेलाय.

५ मे

वाचनालयातून पुस्तक आणलं. नडीनने जे जे केलं ते सगळं चूक. वर्तमानपत्र चूक, कोरडी हवा चूक, रोज टोमॅटो चूक. एकतीस वर्षं जगला ते पुस्तक न वाचल्यामुळेच म्हणायचं.

९ मे, शनिवार

आतली पेटी झाली. गार रात्रींसाठी आणि हिवाळ्यासाठी. चार फूट बाय दोन. शेजारचा होबार्ट प्रेविट ऐंशीचा आहे, पण त्याची करवत अजून सरळ चालते. तळाला ओकखालची माती सहा इंच, वर गळलेली पानं, एका टोकाला ओलं शेवाळ. दुसऱ्या टोकाला दिवा आणि उन्हासारखा उजेड देणारी नळी. त्याला ऊन हवं तर इकडे, गारवा हवा तर तिकडे. लपायला अर्धा पोकळ ओंडका. पाण्याला माझी फळांची पाय भाजायची काचेची थाळी दिली — त्याच्या हनुवटीएवढंच पाणी, जास्त नको. दोन टोकांना दोन थर्मामीटर. पंच्याऐंशी आणि बहात्तर फॅरनहाइट. बरोबर.

होबार्ट बघत उभा राहिला. म्हणाला, "माझ्या लग्नाच्या रात्री मला एवढी सोय नव्हती."

डीकन ओंडक्याखाली गेला. पानं जरा हलली, मग थांबली. मला बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

१२ मे

खाल्लं नाही. गांडूळ ठेवलं, ते चालत गेलं.

१७ मे, रविवार

चर्चनंतर सीडर ब्लफ. नडीन पुढच्या दाराशीच खुर्चीत बसलेली. अंगात कोट, मांडीवर पर्स. मे महिन्यात कोट!

"खाल्लं का त्याने?"

"खाईल."

"म्हणजे नाही खाल्लं."

टॉन्या म्हणून मुलगी आहे तिथे कामाला, चांगली आहे. बाजूला घेऊन म्हणाली, "आर्डिथबाई, रोज नाश्ता झाला की त्या अशाच येऊन बसतात. न्यायला येणारेत म्हणतात."

मी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झाली होती. निघाले.

२५ मे

बाहेरचं आवार सुरू. आठ बाय बारा, ओकच्या अर्ध्या सावलीत, सकाळचं ऊन येईल असं. सीडरच्या फळ्या दोन फूट उंच, त्यांतला एक फूट जमिनीत, कारण हे लोक खणतात. वरच्या कडेला आतल्या अंगाला सहा इंची पट्टी, कारण हे लोक चढतातही. मधे कुजकं लाकूड, त्याखाली किडे आपोआप येतात. रानटी स्ट्रॉबेरीची रोपं, नेचे, एका कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग. डबक्यासाठी जुनी फरशी उतरती बसवली, पाय टेकत टेकत चढायला. रॅकून शिरू नयेत म्हणून वर जाळीचं झाकण. माणसासारखे हात आहेत त्या चोरट्या प्राण्यांना, कड्या उघडतात.

पुढची बाजू मात्र फळीची नाही, जाळीची केली. त्याला रस्ता दिसावा. पुस्तकात नव्हतं, माझीच हौस.

प्रत्येक फळी चारदा मोजली. होबार्ट म्हणाला, "लाकूड मोजतेस की माझा संयम?"

२६ मे

डीकन बाहेर. तडक जाळीकडे.

३१ मे

जाळीच्या कडेने चालतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. नेचे नकोत, स्ट्रॉबेरी नको, डबक्याकडे ढुंकून बघत नाही. जमिनीवर त्याची वाट पडलीय, चार बोटं रुंद. मी कॉफी घेऊन अर्धा तास मोजलं — अकरा फेऱ्या.

आज रविवार होता. गेले नाही. डोकं दुखत होतं.

६ जून

नाक सोललं त्याचं. जाळीवर घासून घासून. पुस्तकाच्या मागच्या पानांत सापडलं: बाहेरचं दिसत असेल तर कासव पिंजरा मानत नाही, निघायच्या वाटेवरच राहतं. दिसू देऊ नये. म्हणजे माझी हौस त्याच्या नाकावर गेली.

होबार्टने जाळीला आतून फळ्या ठोकल्या. मी नाकाला मलम लावलं. त्याने लावू दिलं.

९ जून

फेऱ्या बंद. कोपऱ्यात बसून आहे. स्थिरावला!

१४ जून, रविवार

नडीनला सांगितलं, तो स्थिरावला. ती दाराशीच होती, कोट घालून.

"खाल्लं का?"

"एखादा किडा खात असेल. मी चोवीस तास पहारा देते का?"

"मी द्यायचे," ती म्हणाली.

लहानपणापासून असंच. मी एक वाक्य बोलायचं आणि तिने त्याला कुलूप लावायचं. तिच्याबरोबर एका घरात राहायचं म्हणजे दिवसभर परीक्षा देणं. मी एकटी आहे, सुखात आहे, आणि त्यात काही पाप नाही.

२० जून

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. आला तेव्हा सोळा औंस. आज साडेतेरा.

गुरांच्या डॉक्टरला फोन केला, दुसरा कोणी नाही इथे. तो म्हणाला, "गाय असती तर सांगितलं असतं."

२१ जून

स्ट्रॉबेरी, गांडूळ, अळंबी, उकडलेलं अंडं. हाताने. चिमट्याने. नाकासमोर नाचवून. काल तर मी त्याच्याशी बोललेसुद्धा! नाही. माझ्याकडे बघतो, लाल डोळे आहेत त्याचे, आणि हळूच डबी बंद करतो. मी काही भीक मागत नाहीये, तरी तसं वाटलं.

सगळं बरोबर आहे. ऊन, ओल, माती, सावली. मी परत मोजलं सगळं.

२८ जून, रविवार

नडीन दाराशी नव्हती.

टॉन्या म्हणाली, "आता छान स्थिरावल्यात. त्यांची खोली मागच्या बाजूला दिली. तिकडून गाड्या दिसत नाहीत ना, मग दाराशी यायचं डोक्यातच येत नाही. पर्सही कपाटात ठेवली."

मागच्या खोलीत नडीन खिडकीकडे पाठ करून बसली होती. समोर ट्रेमध्ये चिकन आणि बीन्स, हात न लावलेलं. गालफडं वर आलीयत तिची. आज "खाल्लं का" विचारलं नाही तिने. मीच सांगितलं, नाही खाल्लं म्हणून. ती "बरं" म्हणाली.

बरं! नडीन!

घरी येऊन या वहीची मागची पानं चाळली. नऊ जूनला मी टॉन्याचाच शब्द लिहिलाय, "स्थिरावला", पुढे उद्गारचिन्हासकट.

१ जुलै

तेरा औंस.

४ जुलै, शनिवार

स्वातंत्र्यदिनाच्या गावच्या पिकनिकला कासवांची शर्यत झाली, दरवर्षीसारखी. पोरं आठवडाभर रस्त्यांवरून कासवं उचलतात, पाठीवर नेलपॉलिशने आकडा घालतात, रिंगणात सोडतात. बाहेरच्या वर्तुळाला पहिलं पोचेल ते जिंकलं. आणि शर्यत संपली की सगळ्यांना ओढ्याकाठी एकत्र सोडून देतात. कोण कुठून आणलं ते कोणालाच आठवत नाही. कासवाला मात्र आठवतं, पुस्तकात आहे. आपली जागा सोडून दुसरीकडे टाकलं तर ते वर्षानुवर्षं ती शोधत चालतं. आम्ही पिढ्यानपिढ्या हे करत आलो आणि टाळ्या वाजवत आलो.

डीकनच्या पाठीवर सात आहे. सदुसष्ट सालचा. नडीन तेव्हा पिकनिकला पाय वाढायच्या टेबलावर होती. संध्याकाळी ओढ्याकडे गेली तर सगळी कासवं चार दिशांना चाललेली आणि सात नंबर जागच्या जागी बसलेला. तिने उचलून घरी नेला. "त्याला कुठे जायचं ते कळत नव्हतं," म्हणायची. दरवर्षी चार जुलैला त्याचा आकडा नव्याने रंगवायची.

यंदाचा राहिलाय. औषधांच्या दुकानातून लाल नेलपॉलिश घेतलं.

५ जुलै, रविवार

प्राण्यांना मनाई आहे सीडर ब्लफमध्ये. मी डीकनला पाय न्यायच्या टोपलीत घातला, वर रुमाल. टॉन्याने टोपली पाहिली. टोपली हलली. टॉन्या म्हणाली, "कशाची पाय आहे?" मी म्हटलं, "स्ट्रॉबेरीची." ती म्हणाली, "मी काही पाहिलं नाही, आर्डिथबाई," आणि जाताना दार ओढून घेतलं.

नडीनच्या मांडीवर ठेवला. घट्ट बंद. ती वाकून म्हणाली, "काय रे, दगडा." बस, एवढंच. डबी उघडली! मान बाहेर आली, लांब, मी दोन महिन्यांत पाहिली नव्हती एवढी लांब.

स्ट्रॉबेरी दिली तिच्या हातात. तिने आधी स्वतः चावा घेतला. चावून गिळला. मग उरलेली अर्धी त्याच्यापुढे धरली. त्याने तोडली, रस तिच्या झग्यावर. दुसरी घेतली — आधी ती, मग तो. तिसरी. हाताने भरवणं म्हणजे हे होतं! एकतीस वर्षं ती त्याच्याबरोबर जेवत होती. मी नुसतं वाढत होते.

सात स्ट्रॉबेऱ्या दोघांत. मग तिने बीन्सचा ट्रे जवळ ओढला.

मी सातचा आकडा रंगवायला तिच्या हातात ब्रश दिला. तिने तो जुन्या रेघेवरून सावकाश फिरवला, सात सातसारखाच आला.

"जागा पुरते का त्याला?" तिने विचारलं.

"बाहेर आठ बाय बारा. आत चार बाय दोन."

"सगळं नीट मोजलंस."

"चारदा."

"तू पहिल्यापासून मोजूनमापून करणारी," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, खरंच नव्हता.

घरी येताना गाडी कडेला लावली आणि रडले. मला लाज वाटली.

७ जुलै, मंगळवार

न्हाणीघराचं दार मोजलं. तीस इंच. नडीनची खुर्ची पंचवीस.

एप्रिलमध्ये मी न मोजताच सांगितलं होतं, खुर्ची जात नाही म्हणून.